डोक्याला मुका मार लागल्यानंतर घरच्या घरी मेंदूचा सराव आणि ते करंटचं मशीन: काय, कसं आणि किती

डोक्याला मार लागून दोन-तीन महिने झालेत, स्कॅन नॉर्मल आहे, डॉक्टर म्हणतात काळजीचं काही नाही, पण माणूस पूर्वीसारखा नाहीये. बोलता बोलता शब्द सापडत नाही, दोन जण एकदम बोलायला लागले की डोकं बधिर होतं, अर्धा तास स्क्रीनसमोर बसलं की कपाळ ठणकायला लागतं. अशा वेळी नेटवर शोधलं की दोन गोष्टी हमखास पुढे येतात, एक म्हणजे ब्रेन ट्रेनिंगची ॲप आणि दुसरं डोक्याला लावायचं हलक्या करंटचं मशीन, म्हणजे टीडीसीएस. दोन्ही घरी करता येतं हे खरं, पण कशाच्या आधी काय करायचं, किती करायचं आणि कुठे थांबायचं हे कुणी धड सांगत नाही. आमच्या दादाचं हे सगळं घरीच झालं, न्यूरोलॉजिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं परत जमवून देणारा थेरपिस्ट) यांच्या देखरेखीखाली, आणि रोज शेजारी बसायचं काम माझं होतं. मी डॉक्टर नाही, तेव्हा इथलं वाचून कुणीही परस्पर मशीन मागवू नका, आधी पूर्ण वाचा.

माझं म्हणणं एवढंच आहे की मशीन स्वतः काही शिकवत नाही. करंट चालू असताना तुम्ही काय करताय यावर सगळं आहे. मशीन लावून नुसतं डोळे मिटून पडून राहायचं असेल तर स्मरणशक्तीच्या बाबतीत फार काही अपेक्षा ठेवू नका.

आधी आपण कशाबद्दल बोलतोय ते. डॉक्टर ज्याला माइल्ड इंज्युरी किंवा कन्कशन म्हणतात त्यात साधारण असं धरतात की बेशुद्धी आली असेल तर ३० मिनिटांच्या आत, मधलं काही आठवत नसेल तर ते २४ तासांच्या आतलं, आणि ग्लासगो कोमा स्केलवर, म्हणजे माणूस किती शुद्धीत आहे ते मोजायच्या पट्टीवर, आकडा १३ ते १५ (१५ म्हणजे पूर्ण शुद्धीत). बहुतेक लोक काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत आपोआप बरे होतात, त्यांना यातलं काहीही लागत नाही. हा लेख उरलेल्यांसाठी आहे. आणि मार नुकताच लागला असेल तर हे सगळं बाजूला ठेवा, पहिले एक-दोन दिवस आराम, स्क्रीन कमीत कमी, मग हळूहळू हालचाल. वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, झटका, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हातपाय ढिला पडणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, जागं करूनही गुंगी न जाणं, नाका-कानातून पाण्यासारखं काही येणं, यातलं एकही दिसलं तर सरळ इमर्जन्सी गाठायची. वय जास्त असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर रक्तस्राव काही आठवड्यांनीही लक्षात येऊ शकतो, म्हणून "महिना झाला, आता काय होतंय" असं म्हणून दुर्लक्ष करायचं नाही.

मशीनच्या आधीची कामं

हा भाग लोक सोडून देतात कारण यात काही नवीन वाटत नाही. पण वाचताना ओळी हलतात, एकाच ओळीवर परत परत यावं लागतं, याचं कारण कित्येकदा स्मरणशक्ती नसतंच, दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर नीट एकत्र येत नसतात आणि कन्कशननंतर हे बऱ्यापैकी कॉमन आहे. कूस बदलली की गरगरत असेल तर तो कानाच्या आतल्या भागाचा प्रॉब्लेम असू शकतो आणि त्याच्यावर साधी मॅन्युव्हर्स असतात, म्हणजे डोकं ठरावीक पद्धतीने वळवून करायच्या क्रिया. मानेच्या दुखण्यामुळेही डोकं दुखतं. मूड पूर्ण गेलेला असेल, झोप लागत नसेल, तर लक्ष लागणारच नाही, त्याला मेंदूचा व्यायाम काय करणार. म्हणून डोळे, कान-बॅलन्स, मान, झोप आणि मूड, एवढं एकदा तपासून घ्या, अर्धा गुंता इथेच सुटतो.

दुसरं चालणं. पूर्वी अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे झोपून राहा म्हणायचे, ते आता कुणी सांगत नाही. अमेरिकेतल्या बफेलोच्या टीमने ट्रेडमिल टेस्ट बसवली, त्यात चालवत चालवत कोणत्या हार्टरेटला त्रास वाढतो ते बघतात आणि मग त्याच्या थोडं खाली, साधारण ८० ते ९० टक्क्यांवर, रोज २० मिनिटं व्यायाम करायला सांगतात. ट्रेडमिल नसली तरी तत्त्व तेच, त्रास सुरू होतो त्याच्या अलीकडे थांबायचं.

आणि त्रास मोजायचा कसा, तर ० ते १० आकडा. बसायच्या आधी विचारायचं, आत्ता डोकं किती? समजा ३ म्हणाला. मध्ये विचारायचं, संपल्यावर विचारायचं. आकडा सुरुवातीपेक्षा दोनहून जास्त वाढला की थांबा, म्हणजे ३ चा ६ झाला की त्या दिवसाचं काम बंद. थोडासा वाढून तासाभरात खाली आला तर चालतं, कन्कशनवरच्या २०२२ च्या ॲमस्टरडॅम परिषदेतल्या तज्ज्ञांनीही व्यायामासाठी साधारण हाच हिशोब दिलाय. तासानंतरही वरच राहिला तर दुसऱ्या दिवशी अर्धच करायचं. हा नियम मी चालण्यालाही लावते, ॲपलाही आणि मशीनलाही. पेशंट स्वतः खरं सांगत नाहीत हो, "ठीक आहे ठीक आहे" म्हणत राहतात, त्यामुळे चेहरा बघायचा, डोळे बारीक व्हायला लागले, उत्तरं तुटक यायला लागली, की आकडा काहीही सांगू दे, ब्रेक.

सराव काय करायचा

तीन गोष्टींवर काम असतं: वेग, लक्ष आणि वर्किंग मेमरी म्हणजे डोक्यात एखादी गोष्ट धरून ठेवून तिच्यावर काम करणं. ॲप असेल तर ठीक, नसेल तरी अडत नाही. एन-बॅक नावाचा प्रकार सगळ्यात जास्त वापरला जातो. एक एक अक्षर म्हणायचं, क, म, क, ट, म, ट... आणि समोरच्याने, आत्ताचं अक्षर दोन घरं मागे आलेलं होतं तेच असेल तर टिचकी मारायची. वरच्या ओळीत दुसऱ्या क ला टिचकी, दुसऱ्या ट ला टिचकी, आणि दुसऱ्या म ला नाही, कारण तो तीन घरं मागचा आहे. वाचायला सोपं वाटतं, करून बघा, धडधाकट माणसाचीही भंबेरी उडते. दोन घरं जड गेलं तर एक घर मागे, फार सोपं झालं तर तीन. दहापैकी सात-आठ बरोबर येतील एवढं अवघड ठेवायचं, दहाच्या दहा येत असतील तर वेळ वाया चाललाय आणि चारच येत असतील तर माणूस वैतागून उठणार.

आकडे उलटे म्हणणं (७-२-९-४ सांगितलं की ४-९-२-७), एखादा पॅराग्राफ ऐकून त्यातल्या तीन गोष्टी सांगणं, बातम्या चालू असताना एक विशिष्ट शब्द आला की बोट वर करणं, असलं सगळं चालतं. वेळ सुरुवातीला दहा मिनिटं, मग पंधरा, मग वीस. सकाळी, डोकं ताजं असताना. स्क्रीन असेल तर अक्षरं मोठी, उजेड कमी, आणि मध्ये दोन मिनिटं लांब कुठेतरी बघत बसायचं.

आता खरी गोम. ॲपमधला स्कोअर वाढतो आणि लोक खूश होतात, पण तो वाढतो मुख्यतः त्याच खेळात. लुमॉसिटी नावाच्या ब्रेन ट्रेनिंग ॲपने जाहिरातीत केलेले मोठमोठे दावे सिद्ध करता आले नाहीत म्हणून २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या कंपनीकडून २० लाख डॉलर वसूल केले. त्याउलट नुसतं सगळं थोतांड आहे असंही नाही, ब्रेनएचक्यू नावाच्या दुसऱ्या ॲपच्या सरावाची अमेरिकन सैनिक आणि माजी सैनिकांवर नीट ट्रायल झाली, २०२१ मध्ये छापून आली, त्यात साध्या कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्यांपेक्षा यांचे टेस्टमधले आकडे जास्त सुधारले. पण मला सगळ्यात पटलेला अभ्यास स्कोर नावाचा, तोही सैन्यातल्या कन्कशनवाल्यांवरच, २०१७ चा. त्यात एक गट एकटाच कॉम्प्युटरवर सराव करायचा आणि दोन गट थेरपिस्टबरोबर काम करायचे, आणि रोजच्या जगण्यातल्या अडचणी थेरपिस्टवाल्या गटांच्या जास्त कमी झाल्या. म्हणजे खेळात शिकलेलं खऱ्या कामात कसं न्यायचं हे दाखवणारं कुणीतरी हवं.

घरात ते कुणीतरी म्हणजे आपणच. त्यामुळे ॲपचा सराव संपला की लगेच दहा मिनिटं खरं काम, हे मी कंपल्सरी ठेवलं होतं. दादाची सगळ्यात मोठी पंचाईत फोनवरचे निरोप घेण्याची होती, ऐकेपर्यंत पहिलं विसरायचा. मग मी दुसऱ्या खोलीतून फोन करायचे, अनोळखी आवाज काढून, चार गोष्टी सांगायचे: कोण बोलतंय, कुठे यायचंय, किती वाजता, सोबत काय आणायचं. त्याने समोरच्या पॅडवर लिहायचं. पॅडवर आधीच चार रकाने आखलेले, कोण, कुठे, कधी, काय. सुरुवातीला मी सावकाश बोलायचे, मग नेहमीच्या वेगात, मग मागे रेडिओ लावून, मग मध्येच विषय बदलून. आणि त्याला मुद्दाम शिकवलं की सुटलं तर थांबवायचं, "एक मिनिट, वेळ परत सांगता का?" हे वाक्य त्याला म्हणता येईना कारण लाज वाटायची. खरं सांगायचं तर हे एक वाक्य एन-बॅकपेक्षा जास्त उपयोगी पडलं असं माझं मत आहे. यातले रकाने वगैरे म्हणजे आधार आहेत, आणि आधार वापरला म्हणजे मेंदू आळशी होतो असं काही जण म्हणतात, ते मनावर घेऊ नका. डायरी, अलार्म, किल्लीची एकच ठरलेली जागा, एका वेळी एकच काम, हे सगळं उपचाराचाच भाग धरतात.

आता मशीन

टीडीसीएस म्हणजे डोक्यावर दोन ओले स्पंज, त्यांच्यामधून बॅटरीचा अगदी बारीक डीसी करंट, बहुतेक वेळा १ ते २ मिलिअँपिअर, २० ते ३० मिनिटं. २००० साली जर्मनीत ग्योटिंगेनला नित्शे आणि पाउलुस यांनी दाखवलं की एवढ्याशा करंटने मेंदूच्या त्या भागाची उत्तेजित व्हायची तयारी थोडी बदलते आणि करंट बंद केल्यावरही काही मिनिटं तशीच राहते. पेशी त्याने स्वतःहून पेटत नाहीत, पेटायला थोड्या जास्त तयार होतात एवढंच. मशागत केलेल्या जमिनीसारखं आहे, पेरलं नाही तर काही उगवत नाही. म्हणूनच सराव करंट चालू असतानाच करायचा असतो. लक्ष आणि वर्किंग मेमरीसाठी जास्त करून डाव्या कपाळाच्या वरचा भाग निवडतात, ईईजीच्या (मेंदूचा विद्युत आलेख काढायच्या तपासणीच्या) नकाशात एफ३ म्हणतात ती जागा. पुरावा किती? कन्कशनवरचे अभ्यास छोटे आहेत, निकाल मिश्र आहेत, आणि ज्यांना नकली करंट दिला (अर्धा मिनिट मुंग्या येतात आणि मशीन गुपचूप बंद होतं) ते लोकही बऱ्याचदा सुधारतात कारण सराव तर तेही करत असतात. एवढं माहीत असूनही करून बघायचं असेल तर पुढे वाचा.

कुणी लावायचंच नाही: ज्यांना कधी फिट आलीये, डोक्यात धातूची प्लेट-क्लिप आहे, कवटीचा तुकडा काढलेला आहे, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) किंवा पेसमेकर आहे, जिथे स्पंज बसणार तिथे जखम किंवा त्वचेचा आजार आहे. गरोदर असाल किंवा पेशंट लहान मूल असेल तर घरी अजिबात नाही. गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा, हे फॉर्मॅलिटी म्हणून सांगत नाहीये, कार्बामेझेपिनसारख्या गोळीने करंटचा परिणाम पुसला जातो आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी तो वाढतो असं प्रयोगात दिसलंय.

आणि बॅटरी-वायर-स्पंज घेऊन घरी बनवायचे जे व्हिडिओ फिरतात ते कृपा करून बघूही नका. २०१६ मध्ये यावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनीच स्वतःहून हे करणाऱ्यांसाठी खुलं पत्र काढलं होतं. मुद्दा शॉकचा कमी आणि उलट्या परिणामाचा जास्त आहे. मेंदूतल्या हाताच्या हालचालीच्या भागावर १३ मिनिटं करंट दिला तर उत्तेजना वाढली आणि सलग २६ मिनिटं दिला तर उलट कमी झाली, असा प्रयोग आहे. मेंदूला दाबणारी म्हणून जी बाजू ओळखली जाते तीच २ मिलिअँपिअरला २० मिनिटं दिली तर उत्तेजना वाढली. एका अभ्यासात तर एक जागा उत्तेजित केल्यावर आकड्यांचं नवीन शिकणं सुधारलं आणि शिकलेलं सहज वापरणं बिघडलं. अति तिथे माती म्हणतात ते इथे अक्षरशः लागू आहे, म्हणून करंटचा आकडा, वेळ, जागा, प्लस-मायनस यातलं काहीही स्वतः बदलायचं नाही.

घरी करायची सुरक्षित पद्धत म्हणजे रिमोट देखरेख. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत (एनवाययू) एमएसच्या, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या, पेशंटसाठी ही पद्धत बसवली गेली: पहिलं सेशन समोरासमोर, सहन होतंय का बघायचं, मग घरी हेडसेट, व्हिडिओ कॉलवर टेक्निशियन बघणार आणि हेडसेट नीट बसलंय याची खात्री झाल्यावरच एका सेशनपुरता कोड देणार. कोडशिवाय मशीन चालू होत नाही. तुमचे डॉक्टर साधारण अशी सोय देत असतील तरच घरी करा.

रोजचं असं. केस धुतलेले आणि कोरडे, तेल-जेल काही नाही, पिना-कानातलं काढायचं. आरशात कपाळाची कातडी नीट बघायची, ओरखडा, पुळी दिसली तर आज सुट्टी. स्पंज नळाच्या पाण्यात बुडवायचा नाही, सलाईन वापरायचं, कारण नळाच्या पाण्यात क्षार कमी-जास्त असतात आणि कातडी भाजल्याच्या ज्या थोड्या केसेस आहेत त्यात हे एक कारण सापडतं. स्पंज ओला हवा पण टिपकता कामा नये. दाबला की पाणी दिसलं पाहिजे आणि सोडला की ओघळ कपाळावर येता कामा नये, कारण ओघळ आला की करंट डोक्यात जायच्या ऐवजी कातडीवरूनच एका स्पंजकडून दुसऱ्याकडे पळतो. सुकलेला स्पंज त्याहून वाईट, एकाच ठिपक्यावर सगळा करंट जमा होतो आणि चटका बसतो. केस बोटांनी बाजूला सारून स्पंज कातडीला टेकवायचा, पट्टा घट्ट पण मान न आवळणारा. मशीनवर कॉन्टॅक्टचा इंडिकेटर असतो, तो चांगला म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही.

सुरू झालं की अर्ध्या मिनिटात करंट हळूहळू चढतो. मुंग्या, खाज, थोडी कोमट टोचणी येते, बहुतेकांची दोन-तीन मिनिटांत विरते. दादा म्हणायचा मुंगी रांगेत चाललीये. टोचणी वाढत जाऊन भाजल्यासारखं झालं तर मशीनचं बटण दाबून थांबवायचं, घाबरून हेडसेट ओढून काढायचं नाही, एकदम तुटलं की डोळ्यांपुढे चमक येते आणि माणूस दचकतो. चालू असताना बसूनच राहायचं, शेजारी कुणीतरी हवं, आणि सराव तेव्हाच सुरू करायचा, वर सांगितलेला, आकडा विचारत विचारत. संपल्यावर परत आरसा. थोडी लाली चालते, तासाभरात जाते. फोड, तपकिरी डाग किंवा खपली दिसली तर फोटो काढून पाठवा आणि डॉक्टर सांगेपर्यंत बंद. दिवसातून एकदाच. एक दिवस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दोनदा करायचं नाही. सुरक्षिततेचं म्हणाल तर २०१६ च्या एका मोठ्या आढाव्यात ठरलेल्या मर्यादेतल्या ३३,२०० हून जास्त सेशनमध्ये गंभीर इजा आढळली नाही, पण ती सगळी सेशन नियम पाळून झालेली होती, हे विसरू नका.

फरक पडतोय का कसं कळणार

ॲपचा स्कोअर बघायचा नाही, एवढं वाचल्यावर कळलंच असेल. सुरू करायच्या आधी पेशंटला विचारून रोजच्या जगण्यातल्या दोन-तीन गोष्टी लिहून काढा, मोजता येतील अशा. आमच्याकडे होत्या: चारपैकी किती निरोप बरोबर लिहिले, डोकं न दुखता किती वेळ वाचता आलं, आणि दिवसा किती वेळा आडवं व्हावं लागलं. मशीनशिवाय नुसता सराव आठ-दहा दिवस करून हे आकडे टिपा, नाहीतर नंतर सगळं श्रेय मशीनला जाईल. मग मशीन लावून आठवड्यातून पाच दिवस असं डॉक्टर सांगतील तेवढे आठवडे. एखादा वाईट दिवस आला, अपुरी झोप, हवाबदल, घरात भांडण, तर वहीत बाजूला तेही लिहा, आठवड्याने बघितलं की कारणं आपोआप दिसायला लागतात.

चिडचिड अचानक वाढली, झोप उडाली, खूप उत्साहात येऊन माणूस वेगळाच वागायला लागला, तरी कळवायचं, डिप्रेशनच्या काही पेशंटमध्ये करंटने मूड वरच्या टोकाला गेल्याचं नोंदवलंय. गाडी चालवायचं, उंचावरचं किंवा मशिनरीचं काम परत कधी, हे डॉक्टर ठरवतील, सराव छान होतोय म्हणून आपण ठरवायचं नाही.

ठरलेला कोर्स संपल्यावर डॉक्टरांबरोबर वही उघडून बसा. रोजच्या गोष्टींचे आकडे हलले नसतील तर आणखी एक कोर्स करू म्हणून रेटू नका, मशीन परत द्या. चालणं, झोप, पॅड, अलार्म आणि निरोपाचा सराव चालूच ठेवा, त्याला कुणाचा कोड लागत नाही.